न लिहिलेल्या मरणांचा हिशेब

थंडीचे दिवस असतात. घरातल्या एखाद्या वृद्ध माणसाला ताप येतो, अंग मोडून येते, खोकला लागतो. दोन-चार दिवसांत ताप उतरतो, पण खोकला छातीत उतरून बसतो. दम्याची जुनी व्याधी डोके वर काढते आणि पंधरवड्याच्या आत एका पहाटे सारे संपते. डॉक्टर दाखल्यावर न्यूमोनिया किंवा हृदयक्रिया बंद पडली असे लिहितात. भेटायला येणारे, वय झालेच होते, असे म्हणून घरच्यांचे सांत्वन करतात. यात कोणीच खोटे बोललेले नसते. तरीही ज्या तापाने या साऱ्याला सुरुवात केली, त्याचे नाव कोणत्याच कागदावर चढत नाही.

मग फ्लूने वर्षाकाठी किती माणसे दगावतात, हे सांगायचे कसे? जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली जाहीर केलेला आकडा असा आहे, की हंगामी फ्लूमुळे होणाऱ्या श्वसनविकारांनी जगात दरवर्षी २ लाख ९० हजार ते ६ लाख ५० हजार लोक मरण पावतात. वाचणारा चक्रावून जातो. तीन लाख आणि साडेसहा लाख यांत काही फरक आहे की नाही? माणसे मेली ती मोजता येत नाहीत का? याचे उत्तर असे, की हा दाखले मोजून काढलेला आकडा नव्हे, तो अंदाज आहे. आणि असा अंदाज बांधण्याची रीत लंडनच्या एका सरकारी कचेरीत बसून, पावणेदोनशे वर्षांपूर्वी, एका शेतमजुराच्या मुलाने घालून दिली. त्याचे नाव विल्यम फार.

आपल्या भाषेत 'फार' म्हणजे पुष्कळ, नेहमीपेक्षा जास्त. एखाद्या साथीत नेहमीपेक्षा 'फार' किती माणसे गेली, हे शोधण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला याहून समर्पक आडनाव मिळाले नसते.

खेड्यातून पॅरिसला

विल्यम फारचा जन्म ३० नोव्हेंबर १८०७ चा, इंग्लंडमधल्या श्रॉपशायर परगण्यातील केन्ली या खेड्यातला. घरची अत्यंत गरिबी. पुढे हे कुटुंब जवळच्याच डॉरिंग्टन गावी आले आणि तिथल्या जोसेफ प्राइस नावाच्या सधन गृहस्थाने या मुलाला आपल्या पंखाखाली घेतले. मुलाला वाचनाचे वेड होते. तो वाढला, शिकला तो प्राइस यांच्या आश्रयाने. १८२६ च्या सुमारास तो श्रूजबरीच्या इस्पितळात मलमपट्टी करणारा मदतनीस म्हणून काम करू लागला.

१८२८ साली प्राइस वारले. जाताना त्यांनी फारच्या नावे ५०० पौंड ठेवले होते. त्या काळी ही रक्कम थोडी नव्हती. एखाद्याने दुकान थाटले असते, जमीन घेतली असती. फारने ते पैसे शिक्षणात घातले. तो पॅरिसला गेला. तिथे पिअर लुई नावाचे प्राध्यापक वैद्यकाला आकड्यांची शिस्त लावू पाहत होते. शेकडो रुग्णांच्या नोंदी ठेवायच्या, कोणते औषध घेतल्यावर किती जगले, किती दगावले याचा ताळा पाहायचा आणि मगच त्या औषधाविषयी मत द्यायचे, ही त्यांची पद्धत. रक्त काढणे हा त्या काळी बहुतेक रोगांवरचा हुकमी इलाज मानला जाई. लुईंच्या आकड्यांनी त्या इलाजाचा डौल बराच उतरवला. तरुण फारच्या मनावर हा संस्कार कायमचा झाला.

१८३१ मध्ये तो परतला, १८३२ मध्ये वैद्यकीचा परवाना मिळवला आणि १८३३ मध्ये लग्न करून लंडनमध्ये दवाखाना थाटला. पण दवाखान्यात त्याचे मन रमले नाही. वैद्यकीय मासिकांतून लिहावे, आकडेमोड करावी, यातच त्याचा जीव होता. १८३७ हे वर्ष त्याच्या आयुष्यात दोन अर्थांनी महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी त्याची पत्नी क्षयाने गेली. आणि त्याच वर्षीच्या १ जुलैपासून इंग्लंड व वेल्समध्ये जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सरकारी नोंदणी सुरू झाली. एका ग्रंथासाठी जन्म-मृत्यूच्या आकडेवारीवर त्याने लिहिलेले प्रकरण त्याच वर्षी प्रसिद्ध झाले आणि जाणकारांच्या नजरेत भरले. १८३८-३९ च्या सुमारास नव्या नोंदणी कचेरीत गोषवारे तयार करणारा म्हणून त्याची नेमणूक झाली. पद साधे होते. त्या खुर्चीवर तो चाळीस वर्षे बसला.

त्रेसष्ट माणसांचा वाद

नोकरीच्या सुरुवातीलाच एका आकड्यावरून वादळ उठले. नोंदणीच्या पहिल्या सहा महिन्यांचा गोषवारा काढताना फारने ६३ मृत्यू उपासमारीच्या रकान्यात घातले. एडविन चॅडविक हे त्या वेळी गरिबांच्या मदतीचा कायदा राबवणाऱ्या आयोगाचे चिटणीस. सरकारी मदतीची व्यवस्था असताना इंग्लंडमध्ये माणसे भुकेने मरतात, हे त्यांना पटण्यासारखे नव्हते. त्यांनी हरकत घेतली.

फार नुकताच कामाला लागलेला, समोर एवढा वजनदार अधिकारी. पण तो मागे हटला नाही. त्याचे म्हणणे असे होते, की ६३ हा आकडा वाढवलेला नाहीच, उलट खरी संख्या याहून बरीच मोठी असली पाहिजे. कारण भूक बहुधा सरळ मारत नाही. ती माणसाला आधी पोखरते आणि मग ताप, जुलाब, क्षय यांच्या हाती देते. नोंदवहीत रोगाचे नाव लिहिले जाते, भुकेचे राहून जाते.

या वादात फारच्या पुढच्या साऱ्या कामाचे बीज आहे. दाखल्यावरचे कारण खरे असले तरी पुरे नसते, हे त्याने इथे ओळखले होते. पण ते सिद्ध कसे करायचे? त्यासाठी त्याला आणखी आठ वर्षे थांबावे लागले.

१८४७ चा हिवाळा

दरम्यान त्याने एक मोठे काम हाती घेतले होते. निरनिराळे डॉक्टर एकाच रोगाला निरनिराळी नावे देत, कोणी नुसते लक्षण लिहून मोकळे होत. फारने रोगांचे वर्गीकरण तयार केले. १८४० पासून लंडनमधल्या मृत्यूंचे आकडे दर आठवड्याला प्रसिद्ध होऊ लागले. कोणत्या आठवड्यात किती गेले, कोणत्या वयाचे, कोणत्या वस्तीतले, कशाने, असे सारे त्यात असे. एखाद्या गृहिणीने रोजचा जमाखर्च लिहावा तशी ही शहराच्या जगण्या-मरण्याची वही होती. अशा वहीचा उपयोग पहिल्या महिन्यात कळत नाही. पाच-सात वर्षांच्या वह्या साठल्या, की कोणत्या महिन्यात खर्च किती हे तोंडपाठ होते, आणि एखाद्या महिन्यात तो वाढला तर लगेच डोळ्यांत भरतो.

१८४७ च्या नोव्हेंबरअखेरीस लंडनमध्ये इन्फ्लुएन्झाची साथ उसळली. घरेच्या घरे आजारी पडली. लंडनची वस्ती तेव्हा वीस लाखांच्या वर गेली होती आणि त्या ऋतूत आठवड्याला साधारण हजार-अकराशे मृत्यू होणे ही नेहमीची गोष्ट होती. डिसेंबरच्या सुरुवातीला ही संख्या आठवड्याला २,४०० च्या वर गेली. मात्र दाखल्यांवर इन्फ्लुएन्झा हे कारण लिहिलेले मृत्यू त्या मानाने थोडेच होते. वही उघडून पाहणाऱ्या एखाद्या कारकुनाने तेवढेच मोजले असते आणि साथ किरकोळ होती असे लिहून टाकले असते.

फारने दुसऱ्या बाजूने हिशेब मांडला. आधीच्या वर्षांत याच ऋतूत, याच आठवड्यांत सरासरी किती माणसे मरत होती, हे त्याने पाहिले. साथ आली नसती तर या वर्षीही साधारण तेवढीच गेली असती. प्रत्यक्षात किती गेली, ती संख्या समोर होतीच. दोहोंची वजाबाकी केली. उत्तर आले सुमारे ५,००० जादा मृत्यू. १८३२ च्या पटकीने लंडनमध्ये घेतलेल्या बळींच्या जवळपासची ही संख्या होती. पटकीच्या नावाने शहर थरथर कापत असे, आणि सर्दी-पडशाचा भाऊ मानल्या गेलेल्या या तापाने गाजावाजा न करता जवळपास तेवढीच माणसे नेली होती.

ही जादा माणसे कोणत्या रकान्यात लपली होती? फारने रकाने तपासले. श्वासनलिकेचा दाह, न्यूमोनिया, दमा, वार्धक्य, सगळे रकाने एकाच वेळी फुगलेले. साथ ओसरली तसे ते एकदमच खाली आले. इतके सारे रोग ठरवून एकाच आठवड्यात बळावत नाहीत. म्हातारी माणसे आणि गलिच्छ, दाटीवाटीच्या वस्त्यांतली माणसे अधिक गेली, हेही त्या वहीत दिसत होते.

या रीतीची मर्यादा लक्षात घेण्याजोगी आहे. पाच हजार जादा गेले एवढे ती सांगते, पण ते पाच हजार कोण, हे ती सांगू शकत नाही. अमक्या आजीबाई फ्लूने गेल्या की दम्याने, याचा निवाडा तिच्याकडे नाही. शिवाय नुसत्या कडाक्याच्या थंडीनेही मृत्यू वाढतात, हे फारला पक्के ठाऊक होते. म्हणूनच वर्षाच्या सरासरीशी तुलना न करता त्याच ऋतूच्या सरासरीशी करायची, ही मेख. फ्लूचा विषाणू माणसात सापडला तो १९३३ साली. त्याच्या ८६ वर्षे आधी, रोग कशाने होतो याचा पत्ताही नसताना, फारने त्याच्या बळींचा हिशेब मांडून दाखवला होता.

चुकणारा आणि सुधारणारा

फारचे सगळेच बरोबर आले असे नाही. १८४९ च्या पटकीच्या साथीनंतर त्याने मोठ्या परिश्रमाने कोष्टके केली आणि त्याला एक सुरेख नियम सापडला. थेम्स नदीच्या पातळीपासून वस्ती जितकी उंचावर, तितके पटकीचे मृत्यू कमी. त्याने अर्थ लावला, की नदीकाठच्या दूषित हवेने रोग होतो. आकडे खरे होते, अर्थ चुकला होता. खालच्या भागातले लोक नदीचे घाण पाणी पीत होते, हे खरे कारण. जॉन स्नो नावाचे डॉक्टर तेच सांगत होते. फारला ते लगेच पटले नाही, पण १८५४ च्या साथीत त्याने स्नोंना हवी ती मृत्यूची आकडेवारी दिली. ज्याचे मत आपल्याला मान्य नाही, त्याच्याही हाती आपली वही देणे, ही लहान गोष्ट नव्हे. १८६६ मध्ये पूर्व लंडनमध्ये पटकी आली तेव्हा स्नो हयात नव्हते. या वेळी फारनेच आकड्यांचा माग काढत त्या भागाला पाणी पुरवणाऱ्या कंपनीपर्यंत बोट नेले.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे नाव आपल्याकडे दिवा हाती घेतलेली परिचारिका म्हणून घरोघरी माहीत आहे. क्रिमियाच्या युद्धावरून परतल्यावर त्यांनी सैनिकांच्या मृत्यूंचे जे आकडे सरकारपुढे ठेवले, त्यांच्या मांडणीत फारचा मोठा वाटा होता. पुढे हिंदुस्थानातील लष्कराच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठी १८५९ मध्ये शाही आयोग नेमला गेला. फार त्याचा एक सभासद होता. देशभरातल्या छावण्यांकडून माहिती मागवली गेली आणि तीत पुण्याची व खडकीची छावणीही होती. १८६३ च्या अहवालाने दाखवून दिले, की हिंदुस्थानातल्या गोऱ्या सैनिकांत दर हजारी ६९ जण वर्षाला मरत होते. त्यांतले बहुतेक लढाईत मरत नव्हते, ते पिण्याचे पाणी, गटारे आणि कोंदट बराकी यांचे बळी होते. लष्करी छावण्यांची स्वच्छता सुधारण्याच्या खटपटीला यातून जोर आला.

रोगांच्या नावांची त्याने घातलेली घडी १८५५ च्या पॅरिस परिषदेत चर्चेला आली. आज जगभरची इस्पितळे मृत्यूचे कारण लिहिताना जी आंतरराष्ट्रीय यादी वापरतात, तिचे मूळ शोधत गेले तर वाट त्याच्यापाशी पोचते.

शेवट मात्र सुखाचा नव्हता. १८७९ मध्ये महानिबंधकाची जागा रिकामी झाली. चाळीस वर्षे ती कचेरी ज्याने नावारूपाला आणली, त्याला डावलून ती जागा एका उमरावाला देण्यात आली. फारने राजीनामा दिला. गुंतवलेले पैसेही बुडाले होते. त्याच्या मुलींसाठी स्नेह्यांनी निधी जमवला. १४ एप्रिल १८८३ रोजी त्याचे निधन झाले.

मानमोडी आणि आपण

फार गेल्यानंतर ३५ वर्षांनी त्याच्या रीतीची सर्वांत कठोर परीक्षा आपल्या देशात झाली. १९१८ च्या जूनमध्ये मुंबईत इन्फ्लुएन्झा आला आणि पावसाळ्याच्या अखेरीस त्याची दुसरी, भयंकर लाट साऱ्या मुलुखात पसरली. महाराष्ट्रात जुनी माणसे या साथीला मानमोडी म्हणत. खेडोपाडी मृत्यूची नोंद गावकामगार करीत, आणि त्यांच्यापुढे रकाने मोजकेच होते. पटकी, देवी, प्लेग, जुलाब आणि ताप. मानमोडीने गेलेली बहुतेक माणसे तापाच्या रकान्यात पडली. कित्येक गावांत तर लिहिणाराच आजारी होता.

तेव्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी फारचीच वाट धरली. मागच्या वर्षांत किती गेले होते, या वर्षी किती गेले, आणि फरक किती. १९२१ ची खानेसुमारी झाली तेव्हा दिसले, की मागच्या दहा वर्षांत देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली होती. खानेसुमारीच्या इतिहासात असे दशक ते एकच. त्या साथीत हिंदुस्थानात किती गेले, याचे अभ्यासकांचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींच्या पुढेपर्यंत आहेत. जगातल्या दुसऱ्या कोणत्याही देशात एवढी माणसे गेली नाहीत. तरी दाखला पाहिला तर नुसता ताप.

पुढे १९६३ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट सर्फलिंग यांनी फारच्या वजाबाकीला गणिती सूत्रात बसवले. ऋतूनुसार मृत्यूंची जी नेहमीची चढउतार असते, तिची रेषा आधी आखायची आणि तिच्या वर उसळलेला भाग मोजायचा. तरीही अंदाज हा अंदाजच राहिला. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने १९७६ ते २००७ या काळासाठी दिलेला आकडा हंगामाला ३ हजारांपासून ४९ हजारांपर्यंत आहे. एखाद्या वर्षीचा विषाणू सौम्य असतो, एखाद्या वर्षीचा जहाल, हे त्याचे एक कारण. यावर टीकाही होते. मोठा आकडा सांगून लोकांना घाबरवले जाते असे काहींना वाटते, तर लहान आकडा धरला तर वृद्धांना लस देण्याची निकड कोणालाच वाटणार नाही, असे इतर म्हणतात. दोन्ही भीती रास्त आहेत. म्हणूनच आकड्यासोबत त्याची खालची-वरची मर्यादा सांगावी लागते. ती अप्रामाणिकपणाची खूण नाही, उलट ती सांगितली नाही तर शंका घ्यावी.

कोविडच्या काळात हा प्रश्न आपल्या दाराशी येऊन उभा राहिला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने २०२० व २०२१ या दोन वर्षांत जगात १ कोटी ४९ लाख जादा मृत्यू झाल्याचा अंदाज दिला. भारतासाठी तो ४७ लाख होता आणि सरकारी नोंद होती ४ लाख ८१ हजारांची. भारत सरकारने या गणिताच्या पद्धतीवर तीव्र आक्षेप घेतला. त्या वादाचा निवाडा इथे करायचा नाही. पण वाद मिटवायचा तर दोन्ही पक्षांना शेवटी एकाच ठिकाणी जावे लागते, आणि ते म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही. आपल्याकडे नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे. तरीही २०२० साली नोंदलेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरांनी कारण प्रमाणित केलेले मृत्यू जेमतेम २२.५ टक्के होते. उरलेल्यांच्या बाबतीत माणूस गेला एवढेच कागदाला ठाऊक.

घरात मृत्यू झाला की दाखला काढणे हे वारसाहक्कासाठी, बँकेसाठी करायचे एक त्रासाचे काम वाटते. दुःखाच्या वेळी ते साहजिकही आहे. पण शक्य असेल तेव्हा डॉक्टरांना शेवटच्या कारणाबरोबर आजार कशाने सुरू झाला तेही लिहायला सांगावे, आणि नोंद वेळेत करावी. त्याने गेलेले माणूस परत येत नाही. मात्र पुढच्या थंडीत किती खाटा लागतील, लस कोणाला आधी द्यायची, कोणत्या वस्तीकडे धावायचे, हे त्या एका ओळीवर ठरते. सॉमरसेट हाउसमधल्या आपल्या कचेरीत फारने चाळीस वर्षे अशाच ओळींची बेरीज केली. त्यातली एकही ओळ त्याने स्वतः लिहिलेली नव्हती. त्या गावोगावच्या निबंधकांनी, डॉक्टरांनी आणि आपले माणूस नुकतेच पोचवून आलेल्या नातलगांनी लिहिल्या होत्या.